धालो-फुगडीच्या गाण्यांत समाज कुठे शोधायचा?

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका एम.ए.च्या विद्यार्थिनीने घरच्या आणि वाड्यावरच्या (वस्तीतल्या) बायकांकडून चाळीसेक गाणी रेकॉर्ड केली आहेत: धालो (बायकांची पौषातली विधीची नाचगाणी), फुगड्या, थोड्या जात्यावरच्या ओव्या. प्रकल्पाचा विषय ‘गीत : समाजाचा आणि भावनेचा आरसा’. मार्गदर्शकांनी शेवटच्या प्रकरणात कवी बा. भ. बोरकरांच्या कवितेशी तुलना करायला सांगितली आहे. अडचण ही की गाण्यांत गावातले काहीच सापडत नाही. खाण नाही, ट्रक नाहीत, जमिनीची भांडणे नाहीत, आखातात गेलेला नवरा नाही. आहे ते माहेर, तुळस, राम-सीता आणि भाऊ. त्या विचारतात, ‘मग समाज आहे कुठे? आणि सगळ्याच गाण्यांत तेच दुःख असेल तर ते खरे मानायचे की ठरावीक?’

तुम्ही जे पाहिले ते बरोबर आहे, फक्त प्रश्न एक पाऊल मागे न्यायला हवा. गावात काय घडले याची नोंद ठेवणे हे या गाण्यांचे कामच नव्हते. कोणत्या बाईला, कोणत्या जागी, कोणाच्या कानांवर पडेल अशा बेताने, काय बोलायची मुभा होती ते गाण्यातून कळते. समाज दिसतो तो या मुभेत. त्यामुळे गाण्यातल्या वस्तूंची यादी करण्याआधी गाणे कुठल्या जागेवरचे आहे ते ठरवा. यातले बरेच परिस्थितीवर अवलंबून आहे हेही आधीच सांगतो: तुमच्या गावात मांड (धालो खेळायची ठरलेली जागा) अजून जागता आहे की नाही, बायकांनी गाणी प्रसंगाला म्हटली की तुमच्या फोनसमोर, गाणाऱ्या बायका कुठल्या समाजाच्या आणि कुठल्या गावातून लग्न होऊन आलेल्या, यांवर पुढचे प्रत्येक विधान थोडे सरकेल.

जागेपासून सुरुवात करू. धालो पौषातले, रात्री जेवणे उरकल्यावरचे, मांडावरचे. दोन फांती, म्हणजे बायकांच्या रांगा, समोरासमोर, एकमेकींच्या पाठीमागून हात गुंफलेले, पुढे झुकायचे आणि मागे जायचे. एक फांती म्हणते, दुसरी झेलते. आधी नमने होतात: धरित्रीला, ग्रामदेवतेला, तुळशीला. ही गाणी विधीचा भाग असल्यामुळे त्यांतले शब्द सहसा कोणी बदलत नाही. तिथे खाणीचा ट्रक शोधला तर तो मिळणार नाहीच. धालोत समाज दिसतो तो मांडणीत. कोणाचे नमन आधी, कोणाचे नंतर? मांड कोणाच्या घराकडे? कोणत्या वाड्यावरच्या बायका कोणत्या फांतीत उभ्या राहतात? शेवटच्या रात्री सोंगे निघतात, बायका पुरुषांचे कपडे चढवून पुरुषांच्या नकला करतात. वर्षभर जे बोलता येत नाही ते त्या रात्री गाण्यात आणि सोंगात येते. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये फक्त नमने असतील आणि शेवटच्या रात्रीचे काहीच नसेल, तर अर्धा धालो अजून तुमच्या हाती आलेला नाही.

फुगडीची गोष्ट वेगळी. ती भाद्रपदात, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत, गणपतीसमोर किंवा अंगणात. लय वाढत जाते, दम कमी पडतो, म्हणून ओळ आखूड. आखूड ओळीत विलाप मावत नाही. टोमणा मावतो, नावे ठेवणे मावते, प्रश्न आणि उत्तर मावते. नणंद, सासू, जावा, शेजारीण तिथे भेटतात त्या याच कारणाने. एखाद्या प्रबंधात ‘फुगडीत स्त्रीचे दुःख हलके होऊन येते’ असे वाक्य दिसले की मला वाईट वाटते. दुःख हलके नाही, श्वास अपुरा आहे. आणि फुगडी उघडी आहे, तिच्यात नवी ओळ घालायला कोणाची परवानगी लागत नाही. चवथीच्या फुगडी स्पर्धांत सिनेमाच्या चालीवर पाणीटंचाईपासून मोबाईलपर्यंत सगळे येते. संशोधक बहुतेक वेळा ती गाणी ‘अस्सल नाहीत’ म्हणून टाकून देतात. टाकू नका. आजचा गाव पाहायचा असेल तर तो तिथेच सापडेल.

म्हणजे तुमच्या चाळीस गाण्यांचे पहिले वर्गीकरण विषयावरून करू नका. ‘माहेरची गाणी’, ‘देवाची गाणी’, ‘सासुरवासाची गाणी’ असे गठ्ठे केले की सगळे संग्रह सारखेच दिसू लागतात. बंद गाणी आणि उघडी गाणी असे दोन गठ्ठे करा. ज्यांत शब्द बदललेला चालत नाही ती बंद: नमने, आरत्या, लग्नविधीतली गाणी. ज्यांत बदल चालतो, किंबहुना अपेक्षितच असतो, ती उघडी. बंद गाण्यांत समाजाने काय जपायचे ठरवले ते कळते. आत्ता काय खुपते ते उघड्या गाण्यांत.

गोव्यातल्या दुसऱ्या गाण्यांकडे पाहिले की हा भेद आणखी स्पष्ट होतो. मांडो हा कोंकणी गीतप्रकार दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातल्या वरच्या वर्गातल्या ख्रिस्ती घरांतला, 19व्या शतकात फुललेला, व्हायोलिन आणि घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीचा. त्याचा मुख्य सूर प्रेमाचा आणि ताटातुटीचा. तरी 21 सप्टेंबर 1890 रोजी मडगावात नगरपालिका निवडणुकीच्या वेळी सैनिकांनी लोकांवर गोळ्या झाडल्या, त्यावर मांडो रचला गेला. राजकारण मांडोत शिरू शकले कारण तो गाणाऱ्यांचे आणि ऐकणाऱ्यांचे हितसंबंध त्याच निवडणुकीत गुंतलेले होते. तियात्र या कोंकणी नाट्यप्रकारातले कांतार, म्हणजे गाणे, तर त्याहून मोकळे. तियात्र 1892 मध्ये मुंबईत सुरू झाले, आणि त्यात नाटकाच्या दोन प्रवेशांच्या मध्ये कथेशी संबंध नसलेले, थेट मंत्र्यावर किंवा महागाईवर बोलणारे गाणे चालते. मांडावर उभी असलेली डिचोलीची बाई आणि तियात्राच्या रंगमंचावरचा गायक यांच्या भावना कमी-जास्त नाहीत. त्यांना मिळालेली जागा वेगळी आहे. तुमच्या प्रकल्पात मांडो आणि कांतार सविस्तर घ्यायची गरज नाही, पण एक परिच्छेद जरूर द्या. त्याने तुमच्या गाण्यांतले मौन वाचता येईल.

आता ओवी. हिच्यासाठी जास्त वेळ द्या, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. कोणाचे गाणे उगाच उघड्यावर मांडायला नको, म्हणून नमुन्यादाखल इथेच जुळवलेली एक ओवी घेतो:

दळिता दळिता गे, सरले दळण
माहेराच्या वाटेला नदीचे वळण
तारीच्या रे तांडेला, होडी लाव काठी
बंधु येतो घेऊन वजें माझ्यासाठी

आधी अक्षरे मोजा. प्रत्येक ओळीत 7 आणि 6. पहिल्या ओळीतला ‘गे’ आणि तिसऱ्या ओळीतला ‘रे’ काढले तर 6 आणि 6 होतात, आणि जात्याच्या फेऱ्याशी ओळ जुळत नाही. म्हणून हे शब्द भरीचे, असे समजून लिहिताना गाळले जातात. तसे करू नका. ‘गे’ समोरच्या बाईला आहे, कारण जात्यावर बहुधा दोघी असतात. ‘रे’ तिथे नसलेल्या तांडेलाला, म्हणजे तारीवरच्या नावाड्याला आहे. दोन ओळींत संबोधन जात्यावरून उठून नदीकाठी गेले. ऐकणारी मात्र तीच आहे, आणि आतल्या खोलीत सासू जागी आहे. ‘मला माहेरी जायचे आहे’ असे या बाईने कुठेही म्हटलेले नाही. तिने नावाड्याला सांगितले, होडी काठाला लाव. तक्रार ज्याच्याकडे करण्यात काही धोका नाही अशा माणसाकडे वळवलेली आहे. सासरच्या घरात बोलण्याची मुभा केवढी होती हे या वळणावरून कळते, आणि तेही खाण किंवा ट्रक यांचे नाव न येता.

पुढे वस्तू पाहा. वजें म्हणजे लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला माहेराहून येणारी फळे, नेवऱ्या, गोडधोड. म्हणजे या ओवीतली ‘मी’ नव्याने सासरी आलेली आहे. पण ओवी म्हणणारी बाई सत्तरीची असू शकते. ती खोटे बोलत नाही. ओवीतली ‘मी’ ही तिची एकटीची नसून त्या जागेवर बसणाऱ्या प्रत्येकीची आहे. म्हणून ‘या आजींना माहेरची ओढ होती’ असा निष्कर्ष एका ओवीवरून काढता येत नाही.

मग आजींची स्वतःची भावना कुठे सापडायची? पाठभेदांत. समजा चार बायकांनी ओवी वरच्यासारखी म्हटली आणि पाचवीने शेवटची ओळ अशी केली: ‘बंधु फिरला मागे, वजें कोणासाठी’. यमक तेच, 7 आणि 6 तेच, अर्थ उलटा. चौघींत जे समान ते रीतीचे. पाचवीने जे वाकवले ते तिचे, किंवा तिला जिने शिकवले तिचे. तिथे थांबून विचारायचे, पण ‘तुमच्या भावाचे काय झाले?’ असे नाही. ‘ही ओळ कोणाकडून आली?’ एवढेच. उत्तर द्यायचे की नाही ते त्या ठरवतील. ठरावीक शब्द वापरले म्हणून दुःख खोटे ठरत नाही. पण ते किती खोल आहे हे ठरावीक शब्द जिथे मोडतात तिथेच मोजता येते. याच कारणासाठी एका गाण्याचे पाच पाठ, पाच वेगळ्या गाण्यांपेक्षा मोलाचे. तुमची चाळीस गाणी पुरेशी आहेत. नवी गोळा करण्याऐवजी त्यांतली सात-आठ निवडा आणि तीच दुसऱ्या वाड्यावर, शक्य असेल तर सत्तरी किंवा पेडणे तालुक्यात दिलेल्या लेकींकडून, पुन्हा ऐका.

रेकॉर्डिंगबद्दल थोडे, कारण इथे बिघडले की पुढचे सगळे बिघडते. फोनचे साधे रेकॉर्डर आवाज दाबून साठवते, आणि दोन बायका एकदम म्हणतात तेव्हा शब्द एकमेकांत विरघळतात. वेव्ह स्वरूपात, 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, मोनो ठेवा. तासाला सुमारे 320 एमबी लागतात. जात्याच्या ओवीला फोन मीटरभर अंतरावर, घडी घातलेल्या कापडावर; नुसत्या जमिनीवर ठेवला तर जात्याची घरघर थेट चढते. पंखा बंद. धालोला दोन फोन, प्रत्येक फांतीमागे एक, कारण झेलणारी फांती पुष्कळदा शब्द बदलते आणि एका फोनवर ते कळत नाही. मात्र मांडावर रेकॉर्ड करायचे की नाही ते मांड सांभाळणाऱ्यांना विचारून. पौष सोडून एरवी आणि मांड सोडून दुसरीकडे धालो म्हणायला अनेक बायका तयार नसतात. त्यांना आग्रह करू नये. हा नकारही नोंदवा, तो प्रकल्पाचाच भाग आहे.

गाणे संपल्यावर ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न सर्वांत निरुपयोगी. उत्तर येते ते पुस्तकी आणि तुम्हाला बरे वाटावे म्हणून दिलेले. विचारायचे असे: हे कधी म्हणतात, याच्या आधी आणि नंतर काय म्हणतात, कोण म्हणत नाही, कोणासमोर म्हणत नाही. शेवटचा प्रश्न सोडू नका. मुभेची हद्द त्याच उत्तरात असते.

लिहून घेताना प्रत्येक गाण्याच्या दोन प्रती करा. एक गायल्याप्रमाणे: पुनरुक्ती, ‘गे’, ‘रे’, लांबवलेले स्वर, अर्ध्यात तोडलेला शब्द, सगळे. दुसरी बोलल्याप्रमाणे, म्हणजे त्याच बाईकडून गाणे सावकाश सांगून घेतलेले. दोन्हींत फरक निघतातच, आणि ते चुका नसतात. गाताना यमकासाठी जुना शब्द टिकतो, सांगताना जिभेवर आजचा येतो.

भाषेच्या बाबतीत तर मी हात जोडून सांगेन: काहीही दुरुस्त करू नका. आपल्याकडे एकाच बाईच्या तोंडी नमन मराठीत, आरती मराठीत, थट्टा कोंकणीत, आणि कधी एकाच ओळीत दोन्ही. मराठीवाला संपादक ‘वजें’चे ‘ओझे’ करतो, कोंकणीवाला ‘बंधु’चा ‘भाव’ करतो, आणि दोघेही त्या घराची खरी व्यवस्था पुसून टाकतात. देवासमोर आणि पोथीसमोर कुठली भाषा, चुलीपाशी कुठली, भांडताना कुठली, हे गोव्याच्या समाजाचे फार मोठे सत्य आहे आणि ते तुमच्या वहीत आयते आलेले आहे. मराठी की कोंकणी या राजभाषेच्या वादात कोण कुठल्या बाजूचे याच्याशी त्या बाईला काही देणेघेणे नाही. ओळ दुभाषी असेल तर दुभाषीच छापा.

गाणी किती जुनी, हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येणार. ओळीतल्या वस्तूवरून फक्त ती ओळ ‘याआधीची नाही’ एवढे कळते. आगगाडी आली तर ओळ 1880च्या दशकाआधीची नाही, कारण मुरगावची रेल्वे त्या दशकातली. रेजेदोर (पोर्तुगीज काळातला गावचा अधिकारी) किंवा पाखले (गोरे पोर्तुगीज) आले तर ओळीला पोर्तुगीज काळाची आठवण आहे. पण आठवण 1961 नंतरही राहते, म्हणून ओळ त्याआधीचीच असे म्हणता येत नाही. सिनेमाची चाल असेल तर त्या सिनेमाआधीची नाही. आणि एका ओळीचा काळ कळला म्हणजे गाण्याचा कळला असे नाही, बाकीच्या ओळी कितीतरी जुन्या असू शकतात. गावांची आणि तारींची (होडीने नदी ओलांडायच्या जागांची) नावे स्वतंत्र लिहून काढा. साळावलीच्या धरणात कुर्डीसारखे गाव गेले, कितीतरी तारींवर पूल आले. गाण्यातला रस्ता आजच्या नकाशावर नसेल तर तो काल्पनिक मानण्याआधी जुन्या माणसांना विचारा.

ओवीच्या इतिहासाला दोन तारखा पुरेत. 1616 मध्ये फादर थॉमस स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण रायतूरला छापले गेले ते मराठी ओवीत, कारण लोकांच्या कानांना तोच साचा ओळखीचा होता. आणि 1736च्या इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) फर्मानाने लग्नप्रसंगी ओव्या गायला मनाई केली. बंदी घालावी इतके त्या गाण्यात काही आहे, असे सत्तेला वाटले. तरी ख्रिस्ती घरांत रोसाच्या (लग्नाआधी नारळाचा रस लावण्याच्या विधीच्या) वेळी बायका अजून जुनी गाणी म्हणतात. ‘गाण्याचे सामाजिक महत्त्व’ यावर पाने भरण्यापेक्षा हे एवढे लिहिलेत तर परीक्षकाला जास्त पटेल.

राहिले बोरकर. तुलना करा, पण ‘लोकगीत साधे, कविता प्रगल्भ’ या वाटेने जाऊ नका. बोरीचे बाळकृष्ण भगवंत बोरकर (1910 ते 1984) मराठी आणि कोंकणी दोन्हींत लिहीत, 1930च्या ‘प्रतिभा’पासून पुढची पन्नासेक वर्षे. नाद, निसर्ग, भक्ती आणि शरीराचे सुख त्यांच्या कवितेत एकत्र नांदते. पण त्या कवितेतला ‘मी’ सहीचा आहे. ती ओळ त्यांच्याखेरीज कोणी बदलू शकत नाही, आणि बदलली तर ती चूक ठरते. ओवीतली ‘मी’ मोकळी जागा आहे, येईल तिने बसावे. कवीला ऐकणारा अनोळखी आहे, कदाचित पुण्यात किंवा मुंबईत पुस्तक उघडणारा. ओवीवालीला ऐकणारी हातभर अंतरावर. म्हणून कवी स्वतःची भावना उघड सांगू शकतो आणि ओवीवाली ती तांडेलाकडून वदवते. तुलनेसाठी एकच विषय घ्या, नदी किंवा घर, आणि दोन्हीकडे कोण कोणाशी बोलते आहे ते ओळीओळीने मांडा. कवितेचा पाठ छापील संग्रहातून घ्या, इंटरनेटवरून नको; तिथे ऱ्हस्व-दीर्घ बदलून जातात आणि मात्रा कोसळतात.

थोडक्यात तुमचे पुढचे काम: चाळीस गाण्यांचे बंद आणि उघडी असे भाग, त्यांतल्या सात-आठांचे पाठभेद, प्रत्येकासमोर ‘कोण, कुठे, कोणासमोर’ हा रकाना, आणि शेवटी बोरकरांबरोबर एकाच विषयाची तुलना. शीर्षकातला ‘आरसा’ मार्गदर्शकांना हवा असेल तर राहू द्या. प्रस्तावनेच्या पहिल्या पानावर मात्र तुम्ही काय शोधले ते तुमच्या शब्दांत लिहा.

आणि छपाईला देण्याआधी एक गोष्ट. गाणाऱ्या बाईने नाव द्यायला होकार दिला असेल तरच नाव. नाहीतर गाव आणि वाडा पुरे. पाचवीसारखी वाकवलेली ओळ असेल तर छापण्यापूर्वी तिला वाचून दाखवा. ‘ही नको’ म्हणाली तर ती प्रबंधातून काढा, जरी तुमचा सगळ्यात चांगला पुरावा तीच असली तरी. रेकॉर्डिंगची प्रत पेन ड्राइव्हवर तिच्या घरी पोचवा, कारण उद्या तिच्या नातीला ते गाणे हवे असेल तेव्हा विद्यापीठाच्या ग्रंथालयापर्यंत तिला जावे लागू नये.